एकटा, एक्केचाळीस वेळा

वेस्ली थोरबर्न, वय एकतीस,
लॅब्राडॉरच्या आतल्या पठारावर
१९३४च्या डिसेंबरात गोठून मेला.
एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.
माझं काम त्याच्या अलीकडचं:
मरायच्या आधी तो जेवला काय,
आणि डाव्या पायात पाणी शिरलं
ते नेमकं कुठल्या धबधब्यापाशी.

तीन वर्षं मी त्याच्या मागावर आहे.
बहिणीनं, हेस्टरनं, त्याची पत्रं जाळली,
पाकिटं मात्र ठेवली, तिकिटांपायी.
तेव्हा तारखा माझ्याकडे आहेत, गावं आहेत,
जिभेनं ओला केलेला डिंकसुद्धा आहे,
मजकूर तेवढा नाही.

कंपनीच्या दुकानाची पावती सापडली:
पीठ शंभर पौंड, चहा सहा,
सुया एक पुडी, लाल दोरा,
तंबाखू चार पौंड.
हा बाबा तर तंबाखू ओढत नव्हता,
धुरानं छाती भरते म्हणून डायरीत कुरकुर आहे.
मग चार पौंड कुणासाठी?
मी समासात प्रश्नचिन्ह केलं
आणि ते आठ महिने
माझ्याबरोबर जेवायला बसलं.

डायरी म्हणते: नऊ नोव्हेंबर, हिमवादळ, स्वतःचा हात दिसेना.
मिशनच्या पाद्र्याची हवामानाची वही म्हणते:
नऊ नोव्हेंबर, निरभ्र, वारा नाही, मासे वाळत घातले.
दोघांच्या मध्ये दोनशे मैल.
दोघंही खरे असतील.
किंवा वेस्लीला त्या दिवशी नुसतं पडून राहायचं होतं
आणि वहीला काहीतरी कारण द्यावं लागतं,
शाळेत देतात तसं.

ती वाट मी चालून आले.
होडी डोक्यावर घेऊन, सगळ्या सामानासकट,
चार तासांत पलीकडे गेलो, असं तो लिहितो.
मला रिकाम्या हातांनी साडेपाच लागले.
डासांनी एक कान खाल्ला. हे पुस्तकात येणार नाही.
कदाचित येईल.
होडी, पीठ, तंबू, बंदूक:
कागदावर वजनं मांडली
तर एका माणसाच्या चार फेऱ्या होतात.
चार तास ही एका पाठीची गोष्ट नव्हे.

तरी "एकटा" हा शब्द डायरीत
एक्केचाळीस वेळा येतो. मी मोजला आहे.

शेशात्शिऊला, सरोवराकाठच्या घरात,
मानिआन, वय त्र्याऐंशी,
टीव्ही बंद न करता बोलली. नात मधे दुभाषी.
मी म्युझियमातल्या मोकॅसिनचा फोटो पुढे केला.
खाली पाटी: थोरबर्नची पादत्राणं.
तिनं फोटो पार नाकाशी नेला.
"आईचा टाका. शेवटाला ती एक टाका मागे घ्यायची.
दुसरं कुणी घेत नसे."
दोरा लाल होता.
पावती माझ्या पिशवीतच होती.

"एकटा?" नातीनं विचारून पाहिलं.
म्हातारी हसली, हसताना खोकली.
आमच्या तंबूत सात माणसं, आठवा तो. घोरायचा.
तंबाखू माझ्या बापाला.
पहिल्या बर्फाला आम्ही हरणांमागे उत्तरेला निघालो,
त्याला पश्चिमेला जायचं होतं.
बापानं दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगायचं नसतं.

प्रकाशकाला शेवटची रात्र हवी आहे,
बारा पानं, शक्यतो वादळासकट.
माझ्याकडे एवढंच:
चंद्र दोननंतर मावळला, वेधशाळेनं गणित करून दिलं.
चुलीत राख नव्हती.
काड्या कोरड्या होत्या.
त्या कोरड्या काड्यांपाशी मी रोज येऊन थांबते.
पुढचं वाक्य सुचतं. चांगलं सुचतं,
म्हणूनच खोडते.

त्याची पेन्सिल एका डबीत आहे, बोटाएवढी उरलेली,
टोकाकडे चावलेली.
भिंगाखाली धरली
तर दातांच्या खुणा दोन मापांच्या.
मी फोन लावला. नातीनं ऐकलं, आत जाऊन विचारलं,
मागे टीव्हीवर कुणीतरी बक्षीस जिंकत होतं.
"आजी म्हणते, तो लिहायला बसला
की ती त्याच्या मांडीवर चढायची.
म्हणते, लाकूड गोड लागायचं.
म्हणते, तेव्हा दुधाचे दात होते."