पाऊण व्होल्ट

बॅटरी जोडली नसेल तर पाच.
पाच पूर्णांक शून्य सहा, मीटरवर स्थिर,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखे शहाणे.
बॅटरी जोडली की सव्वाचार.
मग चार्जिंगची चिप हात आखडता घेते,
व्होल्ट वर येतात, चिप पुन्हा मागते,
पुन्हा खाली.
हिरवा दिवा डोळा मारत राहतो
रात्री साडेअकराला, भद्रावती पेठेत,
मे महिन्यात पंखा बंद करून बसलेल्या बाईला.

(पंख्याच्या वाऱ्यानं डाख धड बसत नाही.
घाम बोर्डावर टपकतो, तो रुमालानं अडवायचा.)

डबी तळहाताएवढी. एक माइक, कानात घालायची एक नळी,
जुन्या फोनची बॅटरी.
नायनांसाठी.
एकतीस वर्षं ते चार मागांच्या मधे उभे राहिले, टॉवेलच्या.
माग भंगारात गेले तेव्हा
कानही त्यांच्याबरोबर किलोवर गेले असावेत.
दुकानातलं यंत्र आणलं होतं एकदा,
त्याचे बटणाएवढे सेल
त्यांच्या बोटांना सापडेनात.

केबल बदलली. मग चार्जर.
माझा, वहिनीचा, समोरच्या जब्बारचा जाडजूड.
नवी पेठेत दुकानात हत्तुरे मालक म्हणाले,
"सोपं आहे की, करंट कमी माग."
मागितला. दिवा शांत झाला
आणि बॅटरी भरायला नऊ तास.
हा इलाज नव्हे, ही तडजोड.
घरात अशा पुष्कळ आहेत, आणखी एक नको.

सीसीच्या पायांवरचे दोन्ही रेझिस्टर पाहिले. जागेवर.
प्लग उलटा घातला. तेच.
इनपुटला मोठा कपॅसिटर दिला, तर
दिव्याची उघडझाप तेवढी संथ झाली,
जणू त्यालाही झोप येत होती.

मग ते केलं, जे पहिल्याच रात्री करायला हवं होतं.
आमच्या गल्लीत पाच दिवसांनी पाणी येतं.
कुठे गळतंय ते नळाशी उभं राहून कळत नाही,
पाइपाच्या कडेकडेनं चालत जावं लागतं.
लाल टोक पोर्टवर: सव्वाचार.
फ्यूजच्या अलीकडे: सव्वाचार. पलीकडे: किंचित कमी.
चिपच्या पायाशी: तेवढंच.
म्हणजे कुठेच गळत नाही
आणि तरी हंडा अर्धा.

काळं टोक सगळा वेळ
बोर्डाच्या जमिनीला चिमट्यानं धरलेलं.
त्याच्याकडे कोण बघतं? ते शून्य.
साडेबाराला चिमटा निसटला,
काळं टोक पोर्टच्या पत्र्याला टेकलं,
मीटर म्हणाला: पाच.

मी उठून पाणी प्यायले.
मग लाल टोकही जमिनीवर ठेवलं.
एक टोक केबलच्या जमिनीवर, एक बोर्डाच्या.
जमिनीपासून जमिनीपर्यंत
शून्य यायला हवं.
पाऊण व्होल्ट.

दीड अँपिअर येत होता बिनतक्रार,
आणि परत जाताना
अर्ध्या ओहमचा घाट चढत होता.
बोट लावलं. चटका.
पोर्टचे जमिनीचे दोन पाय:
एक अधांतरी, एकावर कच्चा डाख,
मीच दिलेला, घाईत, पहिल्या दिवशी.
मागवाल्याची मुलगी मी,
धोट्याला परतही यावं लागतं
हे मला कुणी सांगायला नको होतं.

फ्लक्स, डाख, वरून एक जाड तार.
दिसायला ओबडधोबड.
चार पूर्णांक त्र्याण्णव, आणि दिवा
न लवणारा.

सकाळी नायनांनी नळी कानात घातली.
कुकर, रिक्षा, नळावरचं भांडण,
गुंडेटींच्या घरातला शेवटचा चालता माग.
मी विचारलं, येतंय ऐकू?
बराच वेळ ते भिंतीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "चालु."

आमच्या घरात हा शब्द दोन्हीकडचा.
मराठीत: सुरू आहे.
तेलुगूत: पुरे.
मी डबी त्यांच्या बंडीच्या खिशात सरळ केली
आणि दुकानाला निघाले,
कुठला ते न विचारता.