इतिवृत्तात न आलेलं

नकाशावर जिल्ह्यांच्या हद्दी पट्टी लावून आखलेल्या,
नदी मात्र कुणीतरी झोपेत काढल्यासारखी.
लिटल हेरॉन. तीन जिल्हे, ओजिब्वे लोकांची राखीव भूमी,
सात गावसभा, आणि एक बीव्हर
ज्याला आमंत्रण गेलं नव्हतं.

मिनेसोटाचा फेब्रुवारी, बाहेर उणे सव्वीस.
अग्निशमन केंद्रात बंब एका कडेला सरकवून
खुर्च्या मांडलेल्या. मी टिपणं घ्यायला,
मोबदला तासावर, कॉफी फुकट.
पहिला पाऊण तास गेला एका क्रियापदावर:
आराखड्यात 'करावे' असावं की 'करता येईल'?

आर्विड टोलेफ्सरूड उठला. माझ्या शेताखाली
अठरा मैल नळ्या आहेत, पहिल्या आजोबांनी पुरलेल्या.
पाणी कुठं मुरतं ते मला शिकवू नका.

मुरत नाही, हीच तर अडचण, व्हर्ना फाइनडे बसूनच म्हणाली.
तुझ्याकडचा पाऊस दोन दिवसांत आमच्या तळ्यात.
जूनमध्ये मनोमिनची पानं पाण्यावर नुसती पसरलेली असतात,
ओल्या केसांसारखी.
वीतभर पाणी चढलं
की मुळासकट सुटून येतात.

कुणीतरी मागून विचारलं,
मनोमिन म्हणजे तो रानभातच ना, पाकिटातला?
व्हर्नानं चष्मा काढून पुसला.
पुसतच राहिली.
मी लिहिलं: चर्चा झाली.

मग माई येर व्हँगनं, जलतज्ज्ञ म्हणून नवीनच लागलेली पोर,
सँडविचचा कागद चुरगाळला, अर्धवट उलगडला,
पेन्सिलीनं त्यावर तिन्ही जिल्हे काढले
आणि सर्वांत उंच सुरकुतीवर
आपल्या कपातली कॉफी ओतली, सावकाश.
कॉफीनं एकही रेघ विचारात घेतली नाही.
कागदाच्या टोकाला गेली, टेबलावरून उतरली
आणि जिल्हा आयुक्त गेल ओस्टबी यांच्या मांडीवर थांबली,
ज्यांचा मतदारसंघ सर्वांत खाली आहे.
हसू आलं सगळ्यांना. ओस्टबींना जरा उशिरा.

आर्विड हसला नाही. कागदाकडे बघत म्हणाला,
ती डावीकडची खोलगट जागा, तिथं आमचं एक शेत आहे.
चाळीस एकर. वडील चाळीस वर्षं भांडले त्याच्याशी.
दर वसंतात ट्रॅक्टर रुतायचा, मी नि भाऊ साखळी घेऊन जायचो.
भाऊ आता नाही.
ते शेत नव्हतंच कधी, तळं होतं ते.
आम्ही त्याला नांगरत होतो, एवढंच.

कुणी काही बोललं नाही. हीटर तेवढा खडखडत होता.
देऊन टाकतो, असं तो म्हणाला नाही, हेही सांगितलं पाहिजे.
म्हणाला, भाव काय देणार?

नऊ चाळीसला ठराव झाला: अकरा एकर पाणथळ,
अकरा नंबर रस्त्याखालची मोरी दुप्पट रुंद,
आणि क्रियापद, 'करण्याचा प्रयत्न करावा'.
पाच विरुद्ध चार.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी मोरीवर गेले, कामाशिवाय.
आर्विड आणि व्हर्ना कठड्यावर ओणवे झालेले,
खाली पाणी मोजायची पट्टी.
वीस वर्षं एकमेकांना पाण्यात पाहिलेली ही माणसं
आता खरोखरच पाण्यात पाहत होती,
तिथं दोघांची डोकी शेजारी शेजारी हलत होती,
मधून एक काडी वाहत गेली.

चार बोटं खाली आहे गेल्या वर्षीपेक्षा, ती म्हणाली.
पाऊसच कमी झालाय यंदा, तो म्हणाला.
श्रेय घ्यायला कुणी पुढं येईना.

पलीकडे, नव्या मोरीच्या तोंडाशी,
रात्रीतून कुणीतरी फांद्या रचल्या होत्या,
नीट, चिखलानं लिंपून, कुणाच्याही सहीशिवाय.
पुढच्या सभेचा विषय क्रमांक एक
मी तिथंच, हातावर लिहून घेतला.