बिघडलेलं यंत्र

कुताइसीच्या बाजारामागे, चीज विकणाऱ्या बायकांच्या रांगेला लागून
माझं झेरॉक्सचं दुकान. एक यंत्र, एक कॉम्प्युटर, एक हीटर.
पानाला वीस तेत्री, रंगीत असेल तर साठ.
सात वर्षं या गावातल्या बायकांचे पासपोर्ट
माझ्या काचेवर पालथे पडतात
आणि त्या हिरव्या उजेडात बायकांचे चेहरे
उगाच थोडे श्रीमंत दिसतात.

त्सियाला मंगळवारी आली, बर्फाने ओली छत्री दाराशी उलटी ठेवून.
अकरा वर्षं नर्स. मग इस्पितळच बंद.
आता पावाच्या भट्टीवर अर्धा दिवस.
मोबाइल पुढे केला: "हे छाप. आणि पासपोर्टची कॉपी दे."

जाहिरात मी वाचली. वाचायची नसते, पण डोळे असतात.
इटलीतलं बारी शहर. एक म्हातारी, सांभाळायची.
महिना सतराशे युरो, स्वतंत्र खोली, रविवार मोकळा,
भाषा येत नसली तरी चालेल, अनुभव नसला तरी चालेल,
आणि बाल्कनीचा फोटो: लाल कुंड्या, खाली समुद्र.
आंधळ्याने एकच डोळा मागितला होता.
इथे दोन तर होतेच, वर चष्मासुद्धा.

ही बाल्कनी माझ्या ओळखीची.
मार्चमध्ये ती अथेन्सला होती, द्राक्षं उतरवताना हैफाला.
कुंडीतलं एक फूल कधी गळलं नाही.
म्हातारीचं नाव तेवढं बदलतं.

सांगणार काय? "खोटं आहे" म्हटलं
की माणूस जाहिरातीवर नाही, सांगणाऱ्यावर चिडतो.
मी चिडले होते. वहिनीवर.
"कागदपत्रांसाठी" चारशे लारी पाठवून बसल्यावरही
आठवडाभर तिच्याशी अबोला धरला.
गरजवंताला अक्कल नसते म्हणतात.
असते हो. उपाशी असते, आणि समोरून वास येतो.

म्हणून म्हटलं, "यंत्र बिघडलंय. अर्धा तास लागेल, बस."
हिरवा दिवा चालूच होता; मी त्याच्यापुढे उभी राहिले.
चहा ओतला.
"म्हातारीला होतंय काय?"
"लिहिलं नाही."
"मग विचार की. नर्स तू."

चष्मा कपाळावर, एका बोटाने तिने लिहिलं:
आजींना शुगर आहे का? बीपी?
सकाळची गोळी खाण्याआधी की नंतर?
स्वतः चालतात, की धरून न्यावं लागतं?
रात्री किती वेळा उठतात?

उत्तर आलं तेव्हा चहा घोटभरही कमी झाला नव्हता.
"काळजी नको. तुमची निवड झाली आहे.
आज सहापर्यंत तीनशे लारी आणि पासपोर्टचा फोटो. एकच जागा उरली."
तिने फोन लावला. वाजला. कापला गेला.
"आम्ही फक्त लिहून बोलतो."

त्सियाला बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, माझ्याशी नाही, हीटरशी:
"आईला आमच्यावर सोपवून जाणारी मुलं
दारातून तीनदा परत यायची.
गोळी सांगायची. पुन्हा तीच गोळी सांगायची.
माझी नखं बघायची, नाव दोनदा विचारायची, संशय घ्यायची.
या माणसाने माझ्यावर
एका मिनिटात विश्वास ठेवला."

पासपोर्ट तिने पिशवीत घातला, पावांच्या खाली.
"यंत्र सुरू झालं?"
"झालं."
"मग तो फोटो छाप. बाल्कनीचा. रंगीत.
भट्टीशी लावते. सगळ्या तिथे रांगेत असतात,
हात मोकळे, फोन बाहेर."

छापताना निळी शाई मध्येच संपली.
कुंड्या लालभडक आल्या.
समुद्र अर्धाच आला, खाली नुसता कोरा कागद.
मी म्हटलं, थांब, शाई बदलते.
"राहू दे," ती म्हणाली, "बरोबर आलाय,"
आणि साठ तेत्री मोजून
काचेवर ठेवून गेली.