आवाजाचा रकाना

फॉर्ममध्ये रकाने आहेत:
लांबी, रुंदी, वजन ग्रॅममध्ये, रंग.
रंगावर बोट ठेवलं की यादी उघडते,
तांबूस तिच्यात नाही, मग तपकिरी दाबायचं.
आवाजाला रकाना नाही.

मी विचारते, डाडा, हिचं वजन काय लिहू?
सालेमामद डाडा घंटा कानाशी धरतात.
"सात नंबर. बन्नीतल्या म्हशीची."
मी ती ओसमाणच्या दुकानात नेते,
गुळाच्या तराजूवर तोलून आणते.

पत्रा कापायचा, वाकवायचा,
कडेत कड अडकवायची. झाळ नाही, खिळा नाही.
मग चिखल, टाकणखार, तांब्याची पूड,
त्यावर आईच्या हातचा माती-कापसाचा लेप,
आणि भट्टी.
थंड झाल्यावर डाडा छोटी हातोडी घेतात.
घंटेच्या ओठावर एक टिचकी. ऐकायचं.
पुन्हा टिचकी. पुन्हा ऐकायचं.
मी फोटो काढला त्याचा.
फोटोत एक म्हातारा लोखंडाला काहीतरी समजावतोय.

पूर्वी मालधारी यायचे,
दहा वाजवून एक घ्यायचे,
थोडं तूप आज, उरलेलं पावसानंतर.
काळोखात शंभर म्हशी चरायच्या
आणि आपली कुठली ते घरबसल्या कळायचं.
आता गिऱ्हाईक म्हणजे सहा आकडी पिनकोड.

पहिल्या महिन्यात बारा गेल्या, दोन परत आल्या,
एकाच घरून. कारण: दोन्ही नग सारखे वाजत नाहीत. सदोष.
मी वाचून दाखवलं.
डाडा हसता हसता खोकायला लागले.
"सारख्या वाजल्या तर म्हैस कुणाच्या दारात जाईल गं?"
परतीचे एकशेचाळीस आपल्याकडून, म्हटल्यावर
हसायचे थांबले.

कंपनीची मुलगी फोनवर गोड बोलते.
म्हणाली, झुलेखाबेन, थोडी कहाणी घाला ना,
काळजाला भिडेल अशी, हलाखी वगैरे.
मी लिहिलं: आमचं विजेचं बिल भरलेलं आहे.
तिने ते खोडलं.

मग सिलिगुडीहून बिनीता छेत्रींचा फोन आला.
त्यांची आई विसरते.
पहाटे कडी काढून चहाच्या मळ्याकडे निघते,
चाळीस वर्षांपूर्वी सुटलेल्या कामावर.
"तिच्या पिशवीला बांधायचीय.
शेजारच्या देवळासारखी नको, सायकलसारखी नको.
झोपेत ऐकली तरी
आईच आहे, हे कळायला हवं."

मी फोन ओट्यावर उताणा ठेवला.
डाडांनी घंटा वाजवल्या, एकीमागून एक.
मध्येच बकरी ओरडली.
चौथीला बाई म्हणाल्या, थांबा.
परत वाजवा.
नंतर इतका वेळ काहीच नाही
की मला वाटलं, रेंज गेली.

डाडांनी तिची लाकडी जीभ काढली,
शिसमाची दुसरी तासली, हलकी.
"म्हातारं माणूस म्हशीसारखी मान हलवत नाही.
हळू चालणाऱ्याला लवकर वाजणारी हवी."
पैसे तेवढेच घ्यायचे म्हणाले.
आईने तीस रुपये वाढवायला सांगितले.
मी वीस वाढवले.

कापसात गुंडाळताना जिभेला कागद बांधला,
नाहीतर हजारो कोस वाजत जाईल
आणि वाटेत कोण कोण मागे वळून बघेल.
तरी भुजच्या पोराने खोकं स्कूटरला लावलं
तेव्हा आत एकदा टण्ण झालंच.
डाडांनी भट्टीपासून मान वर केली.

रंग: तपकिरी.
वजन: एकशे नव्वद ग्रॅम.
सगळ्यात खाली 'इतर' म्हणून एक रकाना असतो,
आजवर तो रिकामाच सोडायचे मी.
त्यात लिहिलं:
जिभेचा कागद आठवणीने काढा.