ग्रुपोमधला ओ

पुंता अरेनासला जूनमध्ये साडेचारलाच अंधार पडतो.
वारा असा, की चौकात दोर बांधलेले असतात
धरून चालायला.
एलेउतेरियो बारिया दोन्ही हातांनी दोर धरधरून आला,
खेकड्यांच्या बोटीवरून थेट,
आणि बाही कोपराच्या वर सारून
रक्तपेढीच्या खुर्चीत बसला.
ओर्तेन्सियाने त्याचं नाव भरलं, जन्मतारीख भरली,
बटण दाबलं.
पडदा म्हणाला, नाही.

फोन आला तेव्हा मी वाटाण्याचं सूप ढवळत होते.
"जुने सगळे दिसतात," ती म्हणाली,
"वारलेलेसुद्धा.
नवा मात्र कोणी आत जात नाहीये."

आमच्यात मधे एक दुभाष्या बसलेला असतो.
मी त्याला अख्खा माणूस देते,
नावाचा, वजनाचा, नस पटकन न सापडणारा.
तो त्याचे तुकडे करून रकान्यांत मांडतो
आणि डेटाबेसच्या कानात
त्याच्या भाषेत सांगतो.
काय सांगितलं, मी विचारत नाही.
नऊ वर्षं विश्वासावर चाललंय.
त्या रात्री म्हटलं, बाबा रे, जरा मोठ्याने बोल.

बोलला.
घाला रक्तदात्यांमध्ये: क्रमांक, नाव, ग्रुप
आणि पुढे डेटाबेसचा शेरा:
वाक्यरचनेत चूक, ग्रुपच्या जवळ.
जवळ!
नेमकं कधी सांगेल तर शपथ.
पत्ता विचारावा आणि कोणी म्हणावं,
चर्चपाशी जाऊन विचारा.

मी स्वल्पविराम मोजले.
कंस मोजले, उघडणारे, मिटणारे.
उगाच एक अर्धविराम काढला, परत ठेवला.
तिकडे एलेउतेरियोला खुर्चीतच डुलकी लागली होती.

मग आठवला गास्पार.
मार्चमध्ये सांतियागोहून आलेला,
टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावणारा.
त्याने आमचे रकाने शहाण्यासारखे इंग्रजीत नेले होते:
नोंब्रेचं नेम,
फेचाचं डेट,
आणि ग्रुपोचा शेवटचा ओ छाटून
ग्रुप.

आता ग्रुप हा शब्द
डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवलेला.
गट पाडायच्या हुकमाची ती सुरुवात.
आपण तो भलत्या जागी उच्चारला
की तो सावधान होऊन उभा राहतो,
आणि पुढचा हुकूम काही येत नाही.
यजमानाच्या पाटावर पाहुणा बसावा
आणि अख्ख्या पंगतीचं वाढप थांबावं,
तसं.
ग्रुपो बिचारा कुणाच्याच पाटावर नव्हता.
आमचा ओबडधोबड शब्द,
म्हणून कुणी राखून ठेवला नव्हता.

दुरुस्ती किती? दोन अवतरणचिन्हं.
शब्दाच्या अलीकडे एक, पलीकडे एक,
म्हणजे हा हुकूम नव्हे, नुसतं नाव आहे.
ओ परत लावायचा मोह झाला.
पण सतरा फाइली उघडाव्या लागल्या असत्या,
आणि एक माणूस बाही वर करून झोपला होता.

"दाब आता," मी म्हटलं.
फोनमधून बटणाचा आवाज आला, मग वाऱ्याचा,
मग ओर्तेन्सिया:
"घेतलं! चार हजार एकशे सतरा.
रक्तगट ओ निगेटिव्ह."
थोडं थांबून म्हणाली,
"तुझा तो हरवलेला ओ, ह्याच्याकडे होता बघ."

सूप बुडाला लागलं होतं.
बदलाची नोंद करताना बराच वेळ काही सुचेना.
लिहिलं, शब्दाला दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या.
खोडलं.
लिहिलं, ग्रुप दुरुस्त.

साताच्या सुमाराला तिचा पुन्हा फोन,
काही काम नव्हतं.
म्हणाली, गेला तो.
खिडकीतून दिसत होता म्हणे कोपऱ्यापर्यंत,
एक हात कापसावर दुमडलेला,
एका हाताने दोर धरून.