पडद्यांचं माप

आल्विन मे महिन्यात गेला आणि सप्टेंबरात
त्याची कॅरॅव्हॅन मिल्ड्यूराच्या एका माणसाने घेतली,
फोनवरच, न बघता. पोचवायची आम्ही.
ओटिली म्हणाली, ट्रकवर चढवून देऊ पाठवून.
मी म्हटलं, चाकं आहेत तिला.

तर मग डिंबूला, जेपॅरिट, रेनबो.
सत्तरी ओलांडलेल्या दोघी बहिणी,
काटा ऐंशीच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवून.
समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं
एक बोट उचलतो. इकडे नमस्कार तेवढाच.
ओटिली टाके मोजत विणत असते,
मध्येच मान वर करून विचारते, वळलो का गं आपण?
नाही. सकाळपासून नाही.
दोन्ही अंगांना कनोला, असा पिवळा
की डोळे मिटले तर आत निळं दिसतं.

गावं येतात, म्हणजे वेग कमी करायची पाटी येते.
एका बंद बँकेत जुन्या कपड्यांचं दुकान,
तिजोरीचं दार सताड उघडं, आत लहान मुलांचे बूट.
युद्धात गेलेल्यांच्या खांबावर एकाच घरची तीन नावं,
तिसरं जरा दाटीवाटीने कोरलेलं,
जागा धरली नव्हती कुणी त्याच्यासाठी.
धान्याच्या कोठारावर सहा मजली म्हातारा रंगवलाय.
ओटिली म्हणाली, कान चुकलेत.

रात्री जत्रेच्या मैदानात मुक्काम.
बारा डॉलर डब्यात टाकायचे, बघायला कोणी नसतं,
म्हणून ओटिली पंधरा टाकते.
आत केरोसीनचा वास, आल्विनचा मग,
आणि खिडकीला पडदे, कपबशांच्या नक्षीचे.
पहिल्या रात्रीपासून तिचं एकच पालुपद:
हे शिवले कुणी?
बटण तुटलं की शर्ट टाकून देणारा आमचा भाऊ.
विकतचे असतील, मी म्हटलं.
तिने कड उलटून दाखवली.
विकतच्याला अस्तर असं हाताने लावत नाहीत.

खणात वही होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, टायरची हवा.
आणि दर मार्चात एका गावापुढे
नुसतं: चार दिवस.
पुढची ओळ कोरी. एकोणीस वर्षं.

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही.
ते त्याचं होतं.

तिथे आम्ही पाव घ्यायला थांबलो, एवढंच.
मी गाडी बंद करते न करते तोच
समोरच्या पोस्टातून एक बाई आली, चष्मा कपाळावर,
बोटांना शिक्क्याची शाई.
आमच्याकडे बघितलंच नाही तिने.
सरळ मागे गेली, कॅरॅव्हॅनच्या दारावर
दोनदा ठोकलं, थांबली, आणि मग एकदा.

आम्ही आरशात बघत होतो.
विणकाम मांडीवर, टाका अर्धा.
आतून कुणी उघडेना तेव्हा ती हसली,
झोपाळू माणसावर हसावं तसं,
आणि पुन्हा ठोकलं.

ओटिली उतरली. मी नाही उतरले.
काय बोलल्या ऐकू आलं नाही.
आरशात एवढंच दिसलं की त्या बाईने
पत्र्यावर सपाट हात ठेवला,
घामेजल्या घोड्याच्या कुशीवर ठेवतात तसा,
आणि बराच वेळ काढला नाही.
पोस्टाच्या दारात एक माणूस पार्सल घेऊन ताटकळत उभा.
त्याने हाक मारली नाही. त्याला माहीत असावं.
गावाला माहीत असावं.
आम्हीच तेवढ्या नव्हतो.

ओटिली पडदे काढून द्यायला निघाली होती.
ती म्हणाली, राहू द्यात,
ते त्या खिडकीच्या मापाचे आहेत.
आणि पार्सल वजन करायला आत गेली.

पुढचे साठ किलोमीटर सुया वाजल्या नाहीत.
मग ओटिली म्हणाली,
ट्रकवर चढवून दिली असती तर.
हं, मी म्हटलं.

पाव घ्यायचा राहिलाच.
वाटेत एका पंपावरून मी मिल्ड्यूराच्या माणसाला फोन लावला,
विचारलं, पडदे बदलणार आहात का?
त्याला वाटलं, मी किंमत वाढवतेय.