कंट्रोल, ऑल्ट आणि हलन्त

मॉनिटरचं बटण गेल्या पुरातच आत गेलं,
वाळवंटीचं पाणी साखळीच्या बाजारात शिरलं तेव्हा.
साईशने मग तीन बटणं एकत्र बांधून दिली:
कंट्रोल, ऑल्ट, डी.
"मावशे, पडदा काळा होईल, मशीन चालूच राहील.
आतलं काही मोडत नाही."

डीच्या जागी आम्हां टायपिंगवाल्यांचा हलन्त बसतो.
अक्षराचा पाय मोडायचा तर तोच,
दिवसातून हजारदा.

पहिले काही दिवस नुसती गंमत.
जेवायला उठले की काळा.
पंचायतीचा सेक्रेटरी दुसऱ्याची लग्नपत्रिका वाचायला वाकला
की काळा.
दिवेलागणीला पाखरं काचेवर आपटू लागली की काळा.
लाइटबिलात फरक साठेक रुपयांचा.

मग येसो गावडे आला.
उद्याच्या पेपरात निधनाची चौकट हवी होती.
फोटो जत्रेतला,
दोघं उभी, मध्ये खाज्यांची पुडी.
मी त्याला कापलं. पुडी कापली.
तिच्या खांद्यावर त्याची चार बोटं उरली,
ती पुसायला तिला मोठं केलं,
शेकडा दोनशे, तीनशे,
कपाळावरच्या कुंकवाचा दाणा न् दाणा दिसेपर्यंत.

तो माझ्या मागेच उभा.
घरात कोंकणी बोलणारा माणूस,
देवाशी आणि छापखान्याशी मराठी.
"बाये," म्हणाला, "जरा दिवा वाढव."
मी उजेड वाढवला.
तिची चमकी पांढरीफटक पेटली
आणि तो मागच्या मागे स्टुलावर बसला.

तेव्हा कळलं.
बांगडी वाढवतात. नारळ वाढवतात.
दिवासुद्धा.

कंट्रोल. ऑल्ट. हलन्त.

काळ्या काचेत आम्ही दोघं,
आमच्यातून वाळपईची कदंब गेली.
टेबलाखाली डबा घुरघुरत होता.
"आत आसा मगो ती?"
"आहे."
खांदा अर्धा पुसलेला, कर्सर तिच्या नावामागे उभा,
सगळं जिथल्या तिथे.
आता एका बटणाला जरी धक्का लागला असता
तरी लख्ख उजाडलं असतं.
मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले,
देवळात बसतात तसे नव्हे,
मास्तरांनी बसवल्यासारखे.

अंधाराकडे बघत त्याने नाव सांगितलं,
मी आधीच घातलेलं:
"कृष्णी. ष पोटफोड्या."
हो, म्हटलं. त्याचा पाय मोडला
की ण येऊन टेकतो त्याला.
"टेकूं दी," म्हणाला.

आठला पेपरची मेल बंद होते.
पावणेआठला तो उठला,
माझ्या खांद्यावरून हात लांब केला
आणि सगळ्यात लांबट बटण दाबलं, जे कोणालाही सापडतं.

उजेड झाला. चौकटीत:
कृष्णी  येसो गावडे.
दोन नावांमध्ये एक जागा जास्त.

प्रूफ वाचताना असल्या जागा मी सोडत नाही.
आठला तीन मिनिटं होती.
पाठवलं.